मेमरीला लावलेलं कुंकू

देवपूर, धुळे. मंगळवार, संध्याकाळ

सकाळी नवी मेमरी बसवली, पण कॉम्प्युटर तिला ओळखेना. आठ जीबीचे सोळा व्हायला हवे होते, पठ्ठ्या आठच दाखवत बसला. शेवटी दुरुस्तीवाल्या विलासला बोलावलं. त्याने पट्टी काढली, सोनेरी पिना उजेडात धरल्या आणि विचारलं, "सर, हे कुंकू कोणी लावलं?"

मी अक्काकडे पाहिलं. का पाहिलं? थोरली बहीण, कालच शिंदखेड्याहून आलेली. ती लगेच म्हणाली, "मीच लावं. नवी वस्तू शे, तिले कुंकू नको का?"

धादांत खोटं, आणि माझ्यासाठी. नव्या गाडीपुढे नारळ फोडणाऱ्यांची पेपरात टर उडवतो मी. आणि कुंकू मीच लावलं होतं, दार लोटून!

विलास खोडरबराने पिना घासत होता. मला राहवेना. "अक्काने नाही रे, मी लावलं."

तो हसलासुद्धा नाही. "लावायचंच सर. मीपण लावतो. पण बाहेरच्या खोक्याला."

पट्टी पुन्हा बसली, सोळा दिसले. अक्का माझ्याकडे असं बघत होती की पन्नाशीत पुन्हा धाकटा झालो. बरं वाटलं.