दुपारची घोंगडी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नाय, माझ्या हातात काय दोष नाय. सत्तर वर्साचे हात हाईत, खरबरीत राहणारच. ह्याच हातांनी शेकड्यानं मेंढरं कातरली, एकीला बी खाज सुटली नाय. कुणी विचारलं नाय म्हणा. पण सूनबाई लेकराला तेल लावताना माझ्या हाताकडं बगत व्हती. मला दिसतं. चष्मा हाय.

गोष्ट एवढीच — नंदीला खाज हाय. नाव राजनंदिनी, वय चार. एवढं लांबलचक नाव माझ्या पोरानं, बिभीषणनं ठिवलं. हाक मारूस्तर पोरगी जिन्याखाली पोचती. म्हणून मी नंदी म्हणतो. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागं अन् मानेवर कातडं लाल झालंय. कोरडं, शिळ्या भाकरीवानी. खाजवती, रगत काढती, मंग रडती.

बिभीषण वाळूजला कंपनीत. सूनबाई दिपाली छावणीत एका शाळेच्या हापिसात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लेकरू माझ्यापाशी. म्हंजे खाजंचा मालक बी मीच!

बुधवार, ८ जानेवारी

शेजारची गोजरबाई आली. बघितलं न बघितलं, म्हणली नायटा हाय. घरी गेली अन् ट्यूब घेऊन आली. अर्धी वापरलेली. मी विचारलं कुणाची. तर म्हणं आमच्या मालकांची, त्यांच्या जांघेला लई गुण आला.

तिच्या नवऱ्याच्या, आप्पासाहेबाच्या जांघेची ट्यूब माझ्या नातीच्या मानेला! मी परत दिली. तोंडानं काय बोललो ते इथं लिहित नाय.

जाता जाता दिपालीच्या कानात घालून गेली — अंड्याची उष्णता हाय, रगत बिघडलंय.

गुरुवार, ९ जानेवारी

अंडं बंद. शेंगदाणे बंद. वांगं बंद. आंबट बंद. नंदीचा अंड्यावर लई जीव. सकाळी रिकाम्या ताटलीकडं बगत बसली अन् मला विचारलं, कोंबडी रुसली का? मी म्हणलं, कोंबडी नाय, तुझी आई रुसली.

माझा इलाज वेगळा. बापाची घोंगडी हाय. काळी, अस्सल लोकरीची. दौलताबादच्या डोंगराखाली मेंढरामागं फिरलो तवा पाऊस, थंडी, समदं हिच्यावर काढलं. घोंगडीवर साप चढत नाय. चप्पल घालून माणूस चढत नाय. आमच्यात देवाला बसवायचं तर हिच्यावरच. जिच्यावर देव बसतो तिच्यावर रोग कसा बसंल?

म्हणून दुपारी एक वाजता हॉलमधी घोंगडी टाकतो. नंदी अन् मी आडवं होतो. मी मेंढरांची गोष्ट सांगतो, कोल्हा यायच्या आधीच ती झोपती. दिपालीनं पलंगावर सुती चादर अंथरून दिलेली हाय, ती तशीच राहती. मी संध्याकाळी तिला जरा सुरकुत्या पाडून ठिवतो. उगा बोलणं नको.

पैले तासभर झोपवायचो. आता खाज वाढली म्हणून तीन तास.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. लेकराला तीळगूळ बी नाय दिला — उष्ण म्हणं. मी दिला. दोन.

शनिवार, १८ जानेवारी

कातडीच्या डॉक्टरणीकडं गेलो. माझ्या मते गरज नव्हती. पण मानेतनं पिवळं पाणी यायला लागलं तवा मी गप बसलो.

डॉक्टरीण पोरगीच हाय. पण बोलती चांगलं, टाइम खात नाय. म्हणली हा इसब. नायटा नाय, खरूज नाय. एकाचा दुसऱ्याला होत नाय. रगत बिघडलं बी नाय. काही लेकरांचं कातडं जन्मापासूनच कोरडं राहतं, ओल धरून ठिवत नाय, घराण्यात बी असू शकतं. त्यात कुणाचा गुन्हा नाय. मुळासकट उपटून निघत नाय, सांभाळावं लागतं. कमी होईल, परत येईल, परत सांभाळायचं.

मंग हुकूम सुरू. कोमट पाणी, कडक नाय. दहा मिनटाच्या आत आंघोळ. घासायचं नाय. — मी उगा नखाकडं बघितलं. नंदीला आंघोळीत दगडानं घासत व्हतो मी. — टॉवेलनं टिपायचं अन् आंग ओलसर हाय तवरच मलम थापायचं. मानेला वेगळी दवा, लाल जागेवर दुसरी ट्यूब, पातळ, सांगितले तेवढेच दिवस. नखं कापायची. अंडं आपल्या मनानं बंद करायचं नाय, म्हणली, आधी लिहून बगा कशानं वाढतं.

तिथं मला बाई पटली.

मंग तिनं विचारलं, "लोकरीचं काही अंगाला लागतं का? स्वेटर, शाल, ब्लँकेट?"

दिपाली म्हणली, नाय मॅडम, समदं सुती.

मी भिंतीवरचं चित्र बगत व्हतो. कातडीचं चित्र. लई बारीक काढलंय.

रविवार, १९ जानेवारी

डॉक्टरणीनं छापील कागद दिलाय. काय खाल्लं, काय घातलं, कशावर झोपली, खाज किती. दिवसभर लेकरू माझ्यापाशी, म्हणून भरायचा मी. सातवी पास हाय, येतं मला लिहिता.

"कशावर झोपली" तिथं मी लिहिलं — चादर. चादर हायच की पलंगावर. ती काय पळून गेली?

तो कागद डॉक्टरणीचा. ही वही माझी.

मंगळवार, २१ जानेवारी

मलम लावणं म्हंजे कुस्ती. लेकरू हातातनं मासळीवानी निसटतं. आज मलम टीव्हीच्या रिमोटला, माझ्या चष्म्याला, दाराच्या कडीला. गोजरबाईनं दार उघडायला कडी धरली अन् हात सटकला. बरं झालं.

नळ आज बी नाय आला. कोमट पाणी एक तांब्या तिला, मला कोरडा पंचा.

रविवार, २६ जानेवारी

दोघं घरी. दुपारी नंदी आईपाशी पलंगावर झोपली. संध्याकाळी दिपाली माझा कागद घेऊन बसली. बोटानं एकेक ओळ वाचली. मंग म्हणली, "रविवारी कमी असतं हिचं. दोन्ही रविवारी."

मी म्हणलं, रविवारी कंपन्यांचा धूर कमी.

तिनं कागदाची बारीक घडी घातली. दिपाली अशी घडी घालती तवा मला बरं वाटत नाय.

मंगळवार, २८ जानेवारी

ऐकायचं नव्हतं, पण हे गारखेड्याचं घर, इथं भिंती कागदाच्या. दिपाली बिभीषणला सांगत व्हती — मार्चपासून नोकरी सोडते. मामांचं वय झालं, त्यांच्याच्यानं मलम-बिलम व्हत नाय, त्यांना तोंडावर कसं म्हणू.

ह्या नोकरीसाठी पोरीनं नंदी पोटात असताना परीक्षा दिली. मी गेलो व्हतो संगं, बाहेर झाडाखाली बसलो व्हतो.

अन् ती घरी बसली की नंदी तिच्यापाशी. मंग मी दुपारी काय करणार? गोजरबाईशी बोलू?

बुधवार, २९ जानेवारी

ठरलं. घोंगडीचा काय बी दोष नाय हे सिद्ध करून दावतो. आठ दिवस घोंगडी माळ्यावर. नंदी पलंगावर, चादरीवर. मी खुर्चीत. आठ दिवसांनी खाज तशीच राहिली की डॉक्टरणीला सांगतो, लोकरीचं नाव काढू नका.

शुक्रवार, ३१ जानेवारी

खुर्चीत झोप येत नाय. मान आखडली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मानेचं कातडं मऊ झालं. कोपर गुलाबी हाय, पण रगत नाय. गुडघ्यामागं अजून हाय थोडं. आज पुरी गोष्ट ऐकली, कोल्हा येऊन गेला तरी खाजवलं नाय.

मलमाचा गुण असंल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

एकच दुपार. खात्रीसाठी. घोंगडी काढली, झटकली, टाकली. नंदी काय न बोलता माझ्याशेजारी आडवी झाली. दोन तास.

संध्याकाळी मान लालबुंद. दोन्ही हातांनी ओरबाडत व्हती.

दिपालीनं पर्स बी खाली ठिवली नाय. लेकराला मांडीवर घेतलं अन् बोलायला लागली — माझीच चूक, डॉक्टर म्हणल्या म्हणून आज सकाळी पैल्यांदा अर्धं अंडं दिलं, माझ्याच हातानं दिलं. डोळ्यातनं पाणी. बिभीषण तिला समजावत व्हता. मी दाराशी उभा.

अजून एक मिनिट उभा राहिलो असतो तर अंडं कायमचं गेलं असतं. नोकरी बी.

मी म्हणलं, "अंडं नाय. घोंगडी."

मंग समदं सांगितलं. तीन तासाचं बी. चादरीला सुरकुत्या पाडायचो ते बी. बिभीषण माझ्याकडं असा बगत व्हता जसं मी मेंढरू चोरलंय.

दिपालीनं डोळे पुसले. मंग म्हणली, "मामा, सोमवारी मी राजीनामा देणार होते."

मी म्हणलं, ठाऊक हाय.

म्हणली, "मग आता काय करू?"

मी म्हणलं, "नोकरी कर. दुपारी चादरीवर झोपवतो. कागद बी खरा भरतो."

ती आत गेली. मला वाटलं संपलं. तर आतनं चादर आणली, माझ्या हातात दिली अन् म्हणली, सुरकुत्या झोपूनच पाडायच्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरणीला सांगितलं. मीच सांगितलं, सुनेच्या आधी. म्हणली आजोबा, लोकर कुणाकुणाच्या कातडीला टोचते, खाज वाढवते. एकट्या लोकरीनं इसब झाला असं नाय, पण त्यात तेल पडलं. लपवायचं मात्र नाय. अन् कागदावरचं माझं अक्षर चांगलं हाय म्हणली.

अंडं सुरू. परत येताना गोजरबाई जिन्यात भेटली, म्हणली बगा, गेला ना नायटा आमच्या ट्यूबनं.

मी व्हय म्हणलं. जीव दमला व्हता.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी नंदीला विचारलं, घोंगडी टोचायची का गं? म्हणली, "व्हय, लई टोचायची." मंग कामून बोलली नाय इतके दिवस? म्हणली, "तुला एकट्याला झोपावं लागलं असतं ना, आबा."

बास. ह्याच्यावर मी एक अक्षर लिहिणार नाय.