बाजेवर ठेवलेलं झाकण

बडनेरा

प्रिय मामाजी,
सप्रेम जयभीम.

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं, तेही तो गेल्यावर! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. पण आज दुपारी घरात जे झालं ते मला कोणालाच सांगता येत नाही. प्रशांतला सांगितलं तर तुमचा हा मुलगा लगेच आशा लावून बसेल, आणि उद्या तसं झालं नाही तर जेवणार नाही. अकोल्याला आईला सांगितलं तर ती फोनवरच रडेल. म्हणून तुम्हाला.

आपला सम्यक आता तीन वर्षांचा होईल. अजून 'आई' म्हणत नाही. मामाजी, मला भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की आधी ती भीतीच येऊन बसते. शेजारची त्याच्याहून लहान पोरगी काल फाटकातून विचारत होती, "काकू, सम्यक काय करून राहिला?" केवढं मोठं वाक्य! मी तिला हसून काहीतरी सांगितलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हाक मारली तर हा पाहत नाही, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुम्ही केवढे चिडलात! "बोलन ना तो! प्रशांत तरी कुठं लवकर बोलला होता? तू त्या मोबाईलात पाहणं बंद कर." खूप राग आला होता मला. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू? पण अमरावतीच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं तेव्हा ऑटोत त्याला मांडीवर घेऊन तुम्हीच बसलात. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. मी रडायला लागले. येताना तुम्ही म्हणालात, "कायले रडतं वं पोरी? सकाळी होता तोच पोरगा हाये ना हा?"

त्या दिवशी त्या वाक्यावर मी घरापर्यंत आले.

तुम्ही होता तोवर त्याला काही मागावंच लागलं नाही. तहान लागायच्या आधी पेला पुढे. दाराकडे नजर गेली की चपला तुमच्या हातात. आणि ते टिफिनचं झाकण! रेल्वेच्या ड्युटीतला तुमचा तो जुना डबा. जेवण झालं की तुम्ही बाजेवर बसून, खाली वाकून, फरशीवर झाकण फिरवायचात. भिर्र! तो टाळ्या पिटायचा, आणि झाकण आडवं व्हायच्या आधीच तुम्ही पुन्हा फिरवायचात. आम्ही कौतुकानं सांगत फिरायचो, आबाजीले नातवाच्या मनातलं बरोबर समजते म्हणून.

आता त्याला थेरपी केंद्रात नेते, तिथल्या ताई त्याला खेळातून शिकवतात. त्यांनी विचारलं, "काही हवं असलं तर घरी तो काय करतो?" मी म्हटलं, काहीच नाही, आबाजींना समजायचं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या लगेच म्हणाल्या, "लाडानं ऑटिझम होत नाही, ते डोक्यातून काढून टाका. फक्त आता त्याला मागायची संधी द्या. झाकण फिरवा, थांबा, वाट पाहा. रडवायचं मात्र नाही."

सांगायला सोपं! माझ्याच्यानं ते झाकण धड फिरत नाही. दोन गिरक्या घेतं आणि कपाटाखाली जातं. मी थांबले की तो पाठ फिरवून कोपऱ्यात बसतो. प्रशांतला ते पाहवत नाही. "देऊन टाक ना त्याले! काहून तरसवून राहिली?" म्हणतो. परवा यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तुमची रिकामी बाजही त्याला पाहवत नाही. आज सकाळी ड्युटीवर जाताना गादी गुंडाळून म्हणाला, रविवारी गच्चीवर नेऊन टाकतो.

आणि आज दुपारी मी झाकण फिरवलं, ते पडलं, मी थांबले. सम्यकनं ते उचललं. आता गेला कोपऱ्यात, असं मला वाटलं. पण तो आतल्या खोलीत गेला. तुमच्या बाजेवर झाकण ठेवलं आणि उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. तुम्ही बसायचात त्या जागेकडे पाहत नुसता उभा.

मामाजी, तो मागत होता हो! जन्मात पहिल्यांदा त्यानं काही मागितलं, आणि ज्याच्याकडे मागितलं तो माणूसच घरात नाही.

मग मी जाऊन तुमच्या जागेवर बसले. बऱ्याच वेळानं त्यानं झाकण उचलून माझ्या हातात दिलं आणि वर पाहिलं. माझ्याकडे? की माझ्या मागच्या भिंतीकडे? नक्की सांगता येत नाही. मलाच हवं होतं म्हणून मला तसं दिसलं का? तुम्ही असता तर सांगितलं असतं. मी झाकण फिरवलं, माझ्या पद्धतीनं, वाईटच. पण तो तिथून गेला नाही.

मामाजी, ही बाज गच्चीवर जाणार नाही. प्रशांतशी भांडावं लागलं तर भांडेन, ते मला येतं. उद्या दुपारी मी पुन्हा तिथेच बसेन आणि वाट पाहीन. तुमच्यासारखं फिरवायला जमो न जमो, तो मागायला येईल तेव्हा त्या बाजेवर कोणीतरी असेल.

तुमची सून,
प्रणाली