तुमचं औषध, माझी बुरशी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. मेलेल्या बापावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

ट्रेमधली मिरचीची ती रोपं माझी पहिलीच होती. लातूरला रोपं करायचं शिकून आले होते, म्हणून नारळाच्या भुशात, कोकोपीटमध्ये, करडी पावडर कालवून मगच बी टाकलं. तुम्ही विचारलंत, "हे काय करून राहिली?" मी भोळी, खरं ते सांगितलं, "चांगली बुरशी हाय, अण्णा. मुळांसंगं वाढती, लांबचं पाणी त्यांला आणून देती. पावसानं ओढ दिली तरी रोप तग धरतं." त्यातला बुरशी एवढा एकच शब्द तुम्ही ऐकलात. मी मुरुडला मावशीकडे जाऊन येते तर सगळे ट्रे निळसर पाण्यानं थबथबलेले, आणि तुम्ही हात धूत उभे, तोंडावर उपकार केल्याचा भाव. "औषध ओतलं म्या. बुरशी झाली व्हती न्हवं? बापाला बी कळतं थोडं." आपल्याकडे बुरशीनाशकालाही औषधच म्हणतात. त्या औषधानं माझी बुरशी मारली.

हे अडाणीपणानं झालं, म्हणून सोडून दिलं असतं. पण आपल्या रानात लागवड झाली आणि पावसानं दडी मारली. रोपं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची, मग सावरेनाशी झाली. तेव्हा तुम्ही पारावर बसून सांगितलंत, "पोरीनं बुरशी आणली, समदं रान खाल्लं तिनं." ओतलेल्या औषधाबद्दल चकार शब्द नाही. त्यानंतर गावात कुणी माझं एक रोप घेतलं नाही. बाया मला 'बुरशीवाली' म्हणायच्या आणि तुम्ही हसायचात. ते हसणं मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता लोह्याला माझी रोपवाटिका आहे. यंदाच्या उघडिपीत माझी रोपं तगली, म्हणून पार अर्धापूरहून माणसं येतात. तुम्ही असता तर तुम्हाला फाटकातच उभं केलं असतं. तुम्हाला लिहिलेला हा कागद ट्रेखाली अंथरेन, तेवढाच कामाला येईल. एक मात्र कबूल करते. काल एका म्हाताऱ्यानं पावडरीत बोट घालून विचारलं, "हे काय हाय, बाई?" शब्द जिभेवर आला होता, मी गिळला.

"औषध हाय," म्हणाले.