ग्रुपवर टाकलेला रिपोर्ट

ताई,

माझा तपासणीचा रिपोर्ट तू घरच्या ग्रुपवर टाकलास तो काळजीपोटीच, हे कळतं गं. पण त्या ग्रुपवरचा आपला चुलतभाऊ माझ्याच कारखान्यात आहे, हे विसरलीस. दुसऱ्याच दिवशी साहेब म्हणाले, “तुम्ही आता हलकंच काम करा.” बारा वर्षं कापड कापणारी मी, आता बटणं लावते. जिन्यात भेटेल तो आवाज खाली आणून विचारतो, “कसं वाटतंय?” उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला आलाय.

काल दुसरा रिपोर्ट आला. सगळ्यात आधी तुलाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. पण तुला सांगणं म्हणजे साऱ्या गोतावळ्याला सांगणं, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. संध्याकाळी तुझा फोन येईल, तेव्हा म्हणेन, “अजून आलाच नाही.”

तुझीच,
धाकटी