चारशे सतरा नंबरचा बिल्ला

मंगळवार, ११ मार्च. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

प्रिय धाकट्या,

घरवाटप कचेरीत जुनं रजिस्टर नव्या वहीत उतरवत होतो. चारशे सतरावर आलो आणि हात थांबला. आपल्या घराचा नंबर तोच, बाबांच्या बिल्ल्याचाही तोच. आधी एवढंच वाच : तेवीस तारखेपर्यंत वसाहतीत पाऊल टाकू नकोस.

वसाहतीचा पहिला नकाशा इथल्याच कपाटात आहे. कारखान्याची चिमणी उभी राहण्याआधीच कुणीतरी आठ गल्ल्या, शाळा, दवाखाना, बाग, सगळं पट्टीनं आखून ठेवलं होतं. आपल्या गल्लीवरच धूर उतरतो, ते आपलं नशीब असं आपण समजायचो. नकाशावर वाऱ्याचा बाण काढलेला आहे. बाणाचं टोक आपल्या गल्लीवर आहे आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, ‘भट्टीवाले’. मी तीनदा पाहिलं.

रजिस्टरात चारशे सतरापुढे चार नावं आहेत. पहिला माणूस चौदा वर्षं टिकला, दुसरा सतरा, आजोबा एकवीस. बाबांनी सत्तावीस काढली. तुझा बाप चिवट, रेकॉर्ड केलं त्यानं, असं हेडक्लार्क हसत म्हणाले. डॉक्टरांचा शेरा चौघांपुढे एकच, ‘कामास योग्य’, अगदी शेवटच्या महिन्यातसुद्धा.

बाबांनी हे तुला कधी सांगितलं नसेल. आजोबा गेले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. गेटवरच्या मुकादमानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पितळी बिल्ला पुढे केला, घे बाळा, बापाची आठवण. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. संध्याकाळी त्यांना पाळी लागली. इथली रीतच तशी आहे. मुलानं बिल्ला हातात घेतला की भरती झाली, सही नको की अंगठा नको. पंधरा दिवसांत कुणी घेतला नाही, तर घर खाली करायचं.

मला डाव्या डोळ्यामुळे भट्टीवर घेत नाहीत. आताचा मुकादम चौकशी करतो ती तुझी. धाकटा केवढा झाला रे, खांदे भरले की नाही अजून? मी म्हणतो, काडी आहे नुसती. काल तो गेटवर फडक्यानं बिल्ला घासत बसला होता. मला बघून उगाच हसला.

आईचा पाय घरातून निघत नाही. एकदा येऊन जा, असा निरोप ती तुला धाडेल. ऐकू नकोस. रविवारच्या गाडीनं मीच तिला तुझ्याकडे घेऊन येतो.

बाबा शनिवारी पहाटे गेले. मी तार केली नाही. केली असती तर तू धावत आला असतास, आणि गेटवर कुणी मायेनं हात पुढे केला असता तर तुला नाही म्हणता आलं नसतं. मी तुला ओळखतो. शेवटचं तोंड बघू दिलं नाही, त्याचा राग माझ्यावर काढ, आयुष्यभर काढ, पण तिथूनच काढ.

तुझाच,
दादा

खर्च : औषधं ८५ रुपये, बाबांना पोचवायला ३१०, दोघांची तिकिटं ६४.
देणं : कंपनीच्या दुकानाचं १,२७५. बिल्ला घेतला तर माफ, असं मुकादमानं दोनदा सांगितलं. मी हप्ते लिहून दिलेत.
तुझ्याकडून येणं : काही नाही.