तीस सेकंदांची पद्धत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, औषध-संशोधन संस्थेतील प्राणी-चाचणी विभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मालमत्ता सगळी होती, खरे मात्र फारसे नव्हते.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. मोरीचा नळ जास्त पिळू नये, वायसर तुटतो. हे तिला सांगून माझी जीभ झिजली, म्हणून आता लेखी देते.

कलम २. वडिलांचा रेडिओ माझ्या धाकट्या भावाला द्यावा. माझ्या निवृत्तीच्या जेवणात तो चारचौघांत म्हणाला होता, "आमच्या ताईचा देव घरकोंबडा आहे. ऑफिसात पाऊल टाकत नाही." लोक हसले. त्यानंतर अकरा वर्षे मी त्याच्याशी कामापुरतेच बोलले. तो म्हणाला ते खरे होते, म्हणूनच झोंबले. मुलीने रेडिओ स्वतः नेऊन द्यावा आणि हे कलम त्याला वाचून दाखवावे. माझ्या तोंडून ते निघाले नाही.

कलम ३. या कलमात देण्याघेण्याचे काही नाही. वकील म्हणाले, "बाई, मग कलम कशाला?" पण याच्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

माझा देवावर विश्वास आहे. लहानपणी आईने लावलेली प्रार्थना मी एक दिवसही चुकवलेली नाही. पण आमच्या संस्थेत असे बोलायची सोय नव्हती. संचालकसाहेब चहाच्या वेळी म्हणायचे, "ज्याला देव हवा असेल त्याने तो चपलांबरोबर बाहेर ठेवून यावा." सगळे हसायचे. सर्वांत मोठ्याने मी. आणि दुपारी दोन वाजता मी वजनकाट्याच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. त्या खोलीत वाऱ्याची झुळूक आली तरी काटा हलतो, त्यामुळे बंद दाराचे कोणाला नवल वाटत नसे. कोणी टकटक केलीच, तर आतून म्हणायची, "थांबा, वजन स्थिर होतंय." अशी मी एकोणतीस वर्षे काढली.

कलम ४. माझ्या हाताखाली एक सहायक होती. कामात सावकाश, बोलण्यात त्याहून सावकाश, म्हणून सगळे तिला गोगलगाय म्हणत. मीही म्हणे. ती देव मानायची आणि लपवायची नाही. दुसरे लोक उंदीर शेपटीला धरून उचलत, वजन करत, पिंजऱ्यात टाकत. ही प्रत्येक उंदीर तळहातावर घेऊन, डोळे मिटून, अर्धा मिनिट उभी राहायची. मी एकदा विचारले, "काय पुटपुटतेस?"

"त्याच्यासाठी मागते, मॅडम. आपल्यासाठी मरणार आहे ना तो."

"काम लांबतं त्याने."

"मी लवकर येते, मॅडम."

खरेच ती सगळ्यांच्या आधी तासभर यायची.

तेव्हा आम्ही सांधेदुखीवरचे एक नवे औषध तपासत होतो. साहेबांची सात वर्षे त्यात गेली होती. गोगलगायीने तिच्या वहीत नोंद केली, की औषध दिलेल्या चाळीसपैकी एकोणीस उंदरांचे मागचे पाय थरथरतात. बाकी कोणाला ते दिसले नव्हते. दिसणार कसे? थरथर सुरू व्हायची ती उंदीर अर्धा मिनिट निवांत धरल्यावर, आणि तेवढा वेळ त्याला धरणारी ती एकटीच होती.

साहेब भडकले. चौकशी बसली. आदल्या संध्याकाळी मी एकटीच प्राणीघरात गेले, एक उंदीर तळहातावर घेतला आणि मनात आकडे मोजले. बाविसाला त्याचे पाय थरथरू लागले. आणखी चार घेतले. तिघांचे थरथरले. म्हणजे चौकशीच्या खोलीत पाऊल टाकताना मला सत्य माहीत होते.

साहेब तिला म्हणाले, "प्रार्थनेत दिसलेली थरथर आम्ही अहवालात घालायची?"

ती म्हणाली, "साहेब, डोळे मिटलेले असतात. थरथर हाताला लागते. तुम्हीही धरून बघा."

"इथे कामाच्या वेळात देवधर्म करणारं आणखी कोण आहे? नाव सांग."

तिने माझ्याकडे पाहिले. महिन्याभरापूर्वी वजनकाट्याच्या खोलीची कडी नीट लागली नव्हती आणि तिने मला हात जोडलेले पाहिले होते. तेव्हा तिने आवाज न करता दार ओढून घेतले होते. आता ती म्हणाली, "मला माहीत नाही, साहेब."

मग साहेबांनी माझे मत विचारले. मी जे म्हटले ते इतिवृत्तात आहे, शब्दन् शब्द असा: "संबंधित कर्मचाऱ्याच्या श्रद्धेचा निरीक्षणांवर परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाक्य गुळगुळीत होते. बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही.

तिला काढून टाकले, वही कपाटात गेली. आठ महिन्यांनी साहेबांची बदली झाली. मग मी तोच प्रयोग माझ्या नावाने केला. देव काढून टाकला आणि त्या जागी घड्याळ ठेवले. 'तीस सेकंदांचे स्थिर निरीक्षण' असे नाव दिले. औषध माणसांपर्यंत जाण्याआधीच थांबले, आणि त्याबद्दल मला पदक मिळाले. आजही ही पद्धत माझ्या आडनावाने शिकवतात. पदक घेताना मी भाषणात म्हणाले, की विज्ञानाला फक्त डोळे लागतात. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. तिने हे वाचल्यावर माझ्याबद्दल काय वाटून घ्यायचे ते घ्यावे.

कलम ५. पदक संस्थेला परत करावे. त्यासोबत सहायकेची निळी वही, जी निवृत्त होताना मी संस्थेच्या कपाटातून उचलून आणली, आणि माझे सही केलेले पत्र द्यावे. पद्धत कोणाची, हे पत्रात लिहिले आहे. संस्था ते छापेल की फडताळात टाकेल, सांगता येत नाही. मुलीने वर्षभर पाठपुरावा करावा. ती चिवट आहे, बापावर गेली आहे.

कलम ६. माझे अंत्यविधी श्रद्धेने आणि उघडपणे करावेत. संस्थेतले लोक येतील, त्यांची सोय म्हणून प्रार्थनेचा आवाज बारीक करू नये.

कलम ७. (खोडले आहे. खाली खुलासा.)

गेल्या महिन्यात पत्ता शोधत मी त्या सहायकेच्या घरी गेले. ती आता मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. दारात मला ओळखून म्हणाली, "या, मॅडम. जिना चढलात? गुडघे दुखतात ना तुमचे?" मला तिथेच रडू आले. पाणी पिऊन मी कलम चारमधले सगळे सांगितले, त्या पाच उंदरांसकट. ते तिला माहीत नव्हते.

"म्हणजे तुम्ही धरून बघितलं होतंत," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला खरंच पटलं नसेल. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते."

मी म्हटले, "माझी दुर्बीण तुझ्या नावे करतेय. चांगली आहे, जर्मन भिंगांची."

"साक्षीदार कोण आहेत?"

"एक शेजारचे घड्याळजी. दुसरा अजून ठरायचाय."

"दुसरी मी होईन."

मी तिला सांगितले, की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला सही केली तर त्याचे देणे बाद होते, वकिलांनी बजावले आहे. ती म्हणाली, "मग दुर्बीण खोडा. ती मला नकोय. तुम्ही हे सगळं लिहून खाली सही करताना मला बघायचंय."

म्हणून कलम ७ खोडले. सूक्ष्मदर्शक, म्हणजे वर जिला दुर्बीण म्हटले ती, माझ्या मुलीकडे राहील. आयुष्यभर ते वापरून घरी त्याला दुर्बीणच म्हणत आले.

आज सही करण्याआधी तिने सर्व पाने वाचायला मागितली. वकील म्हणाले, साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. तरी तिने वाचली, सावकाश, बोट ठेवून. घड्याळजींचा चहा गार झाला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सगळं बरोबर आहे. फक्त मी माफ केलं असं कुठे येऊ देऊ नका. अजून केलेलं नाही."

तसे या मृत्युपत्रात कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या पश्चात कोणी तसा अर्थ काढू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार १ : (सही) शेजारी, घड्याळ-दुरुस्ती

साक्षीदार २ : (सही) शिक्षिका, पूर्वी सहायक, प्राणी-चाचणी विभाग

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर २०१८, मंगळवार, दुपारी सव्वाचार