थर्मासचं बूच आणि तिसरा कप

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण कंबर हल्ली खाली जाऊ देते आणि वर यायच्या वेळी हात वर करते.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या खोकल्याचं प्रकरण एव्हाना मिटलं असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघंही खुशाल. तुमची बहीण तर जरा जास्तच खुशाल आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. पण ते सावकाश. लगेच मुद्द्यावर आलो तर तुम्ही वहिनींना म्हणाल, "याला काहीतरी हवंय."

मी आमच्या इथल्या सेवा क्लबात गेलो हे तुम्हाला मागे कळवलं होतंच. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून दारोदार कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या दुरुस्त करत फिरलेला माणूस आता त्याच दारांतून "या, बसा" म्हणून आत घेतला जातो, याचं मला अजून बरं वाटतं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्यांचं दुकान चांगलं चाललं की माणसाला समाजाची सेवा सुचते आणि समाजालाही तो माणूस सुचतो. क्लबाची सेवा मात्र मनापासून असते, हे सांगितलं पाहिजे. रक्तदान करतो, डोळे तपासून देतो, बागेत बाक ठेवतो (बाकावर देणाऱ्यांची नावं इतकी आहेत की बसणाऱ्याच्या पाठीवर उमटतात). झाडंही लावतो. खड्डा दरवर्षी तोच असतो, त्यामुळे खणायचा त्रास वाचतो. आणि यंदा "येथे थुंकू नये" अशा पाट्या गावभर लावल्या. शेवटची पाटी उरली ती क्लबाच्या हॉलमध्येच मंचामागे ठोकली. तिची गोष्ट पुढे येईल.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्या बैठकीला तुम्ही गैरहजर, त्या बैठकीत तुमची एखाद्या पदावर एकमताने निवड होते. हजर माणूस नाही म्हणू शकतो, गैरहजर म्हणू शकत नाही, इतकं ते सरळ आहे. म्हणून आमच्याकडे ताप अंगात घेऊनही लोक बैठकीला येतात. मी एकदा दाढ काढायला गेलो आणि व्याख्यान समितीचा प्रमुख झालो. दाढ काढणारे डॉक्टर हेच क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे मला खुर्चीत आडवं पाडून, तोंडात बोळा कोंबून ते स्वतः बैठकीला गेले होते. याला मी कारस्थान म्हणत नाही. पण दाढ अजून महिनाभर टिकली असती.

तर व्याख्याता शोधणं माझ्याकडे आलं. आदल्या वर्षीचे पाहुणे मूतखड्यावर बोलले होते, चित्रं दाखवून, जेवणाच्या आधी. यंदा काहीतरी सोसवेल असं हवं होतं. आमच्या एका गिऱ्हाइकाचे मामा आयुष्यभर चहाच्या कंपनीत चहा चाखायच्या नोकरीला होते. लांब मान, बारीक अंग, आणि नाक असं की नोकरी त्या नाकालाच लागली असावी आणि बाकीचे मामा सोबतीला गेले असावेत. मी विचारलं, ते हो म्हणाले. अध्यक्षांना विषय आवडला, पण त्यात त्यांनी स्वतःची एक भर घातली. व्याख्यानानंतर "ओळखा आपल्या घरचा चहा". प्रत्येक घरातून एक थर्मास आणायचा, बायकांनी पडद्यामागे कप भरायचे आणि नवऱ्यांनी चाखून आपला ओळखायचा. पडदा नेत्रतपासणीचा होता, त्यामुळे त्यावर लहान होत जाणारी अक्षरं होती. वाट बघता बघता आमच्यातल्या दोघांना आपला चष्मा बदलायला हवा हे कळलं. सेवा ही अशी कुठेही होते.

मामा बोलले मात्र छान. चहा म्हणजे शेवटी एक पान आहे, आणि पानाशी पानासारखं वागावं, हे त्यांचं म्हणणं. पाणी उकळलं की खाली उतरवा, पानांवर ओता, झाकण ठेवा आणि गप्प बसा. "लोक चहा करत नाहीत, चहाचे हाल करतात," असं ते म्हणाले तेव्हा सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि सगळ्या नवऱ्यांनी बुटांकडे बघितलं. उकळत ठेवलेल्या चहात फक्त कडूपणा उरतो आणि ज्याची जीभ त्याला सोकावली त्याला तोच कडकपणा वाटतो, हेही ते म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो.

मग त्यांनी चाखायचं कसं ते दाखवलं. चमचाभर चहा ओठांशी नेऊन असा सुर्रकन ओढला की पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्स छातीशी धरली. लहानपणापासून आवाज न करता प्यायला शिकलेली माणसं आम्ही. आता एक मोठा माणूस सांगत होता की आवाज केल्याशिवाय चव कळत नाही. त्यानंतर तो घोट त्यांनी बादलीत थुंकला, कारण त्या धंद्यात गिळत नाहीत. बादलीच्या बरोबर वर आमची पाटी होती. अध्यक्ष उठले आणि पाटी झाकत तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. पुढचं सगळं व्याख्यान ते तसेच उभे होते. आभार मानताना सेक्रेटरी म्हणाले, "अध्यक्षांनी पाहुण्यांच्या सन्मानार्थ बसणंही नाकारलं."

आता मुद्दा. दादा, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. दाराचा आवाज ऐकून बिजागरी वरची झिजली आहे की खालची, हे मी रस्त्यावरून सांगतो. पोट भरलं ते या कानांवर. आमच्या घरच्या थर्मासचं बूच फिरवलं की कुईं असा आवाज येतो, शेवटी जरा वर जाणारा. (गावातली निम्मी दारं मी गप्प केली, घरातलं बूच राहून गेलं. तुमच्या बहिणीने अनेकदा सांगितलं होतं.) पडद्यामागे कप भरायला सुरुवात झाली. पहिला भरला, दुसरा भरला, आणि तिसऱ्याला कुईं. मी खुर्चीत आरामात मागे टेकलो.

अध्यक्षांनी सगळे कप चाखून सेक्रेटरींच्या घरचा उचलला आणि "हा आमचा" म्हणाले. पडद्यामागून त्यांच्या सौभाग्यवतींचं फक्त "बरं" ऐकू आलं. तो "बरं" असा होता की मला एकदम अध्यक्षांची दया आली, दाढ विसरून. सेक्रेटरी हुशार. त्यांनी सगळेच कप आपल्या घरचे वाटतात असं सांगितलं आणि दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली. मग माझी पाळी. मी उगाच पहिला चाखला, दुसरा चाखला, मान हलवली. तिसरा तोंडाला लावला आणि दादा, तिथे माझं गणित चुकलं. असा चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो. हलका, तांबूस, वास आधी येतो आणि चव मागून येऊन शेजारी बसते. क्षणभर वाटलं, कान फसले. पण कान फसत नाहीत. मी कप उंच धरला आणि बोललो. काय बोललो ते शब्द न् शब्द लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं आहे. "हा आमच्या घरचा. लग्न झाल्यापासून रोज सकाळी हाच पितोय. झोपेतसुद्धा ओळखेन."

टाळ्या पडल्या. पडदा सरला, तिसऱ्या कपामागे तुमची बहीण उभी. मामांनी तोच कप ओढून बघितला आणि तो मात्र गिळला. म्हणाले, "टेबलावरचा हा एकच प्यायचा चहा आहे." बक्षीस म्हणून आपल्याजवळचा खास पत्तीचा डबा त्यांनी तिला दिला. इतर बायकांनी आपापल्या नवऱ्यांना माझ्याकडे बघायला सांगितलं. उदाहरण म्हणून.

मी तिच्याबरोबर घरी निघालो. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "ओळखलात हो."

"मग. इतकी वर्षं पितोय."

"चवीवरून?"

"दुसरं कशावरून?"

"नाही, विचारलं," असं म्हणून तिने थर्मास दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "हा चहा मी तुम्हाला कधी दिलेलाच नाही."

खुलासा असा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी तिला सांगितलं होतं की चहा कसा खदखदा उकळलेला हवा, रंग दाराच्या पॉलिशसारखा. सुताराच्या कारखान्यात शिकलो, तिथे भुशाच्या शेगडीवर सकाळी ठेवलेलं पातेलं संध्याकाळी उतरायचं. त्यालाच मी चहा समजत होतो. तिने ऐकून घेतलं आणि आजतागायत मला तसाच दिला. स्वतःसाठी मात्र ती, मी दुकानात गेल्यावर, झाकणाच्या छोट्या किटलीत हा दुसरा करते. ती किटली मी रोज बघतो. काढ्याची आहे अशी माझी समजूत होती. चार लोकांत न्यायचा म्हणून तिने थर्मासमध्ये तिचा चहा भरला, कारण माझा नेला असता तर पाहुण्यांनी बादली मागवली असती. (हे तिचे शब्द.)

आता माझी अवस्था बघा. मला तो चहा हवा आहे. दुकानात बिजागऱ्या मोजताना त्याची आठवण येते. आणि मागू शकत नाही. "तो तिसऱ्या कपातला दे" म्हटलं तर ती म्हणणार, "रोज तोच तर पिता." कानाने ओळखला म्हणावं तर सगळ्या क्लबासमोर लबाडी केली असं होतं, आणि चवीने ओळखला म्हणावं तर जे प्यायलोच नव्हतो ते ओळखलं कसं? ती भांडत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. रोज सकाळी हसऱ्या तोंडाने पॉलिशचा कप पुढे ठेवते आणि म्हणते, "घ्या, तुमचा ओळखीचा."

मी काही कमी खटपटी केल्या नाहीत. चष्मा विसरलो म्हणून दुकानातून मध्येच घरी आलो. किटली नुकतीच धुऊन पालथी घातलेली होती, पाणीसुद्धा निथळत होतं. दुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरला मुद्दाम घरी बसवलं, की पाहुण्याला चांगला चहा होईल आणि त्यात माझंही निभेल. झालाही. पेंटरने पहिल्या घोटाला डोळे मिटले. माझ्यासमोर वेगळा कप आला आणि पेंटरला सांगण्यात आलं, "यांना कडकच लागतो." तिच्या माघारी डब्यातली पत्ती घेऊन स्वतः करून बघितला. मामांनी गप्प बसा म्हटलं होतं, तेवढंच मला जमलं नाही. दर मिनिटाला झाकण उघडून बघत राहिलो आणि शेवटी जे झालं ते मी मागच्या दाराच्या कुंडीला घातलं. कुंडी बरी आहे.

असो. एकूण ठीक चाललं आहे. दुकान बरं आहे. पुढच्या महिन्यात क्लबातर्फे दंततपासणी शिबिर आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा, जिने टाळा. आमच्याकडे जिना नाही.

तुमचा,
बिजागरीवाला मेहुणा

ता.क. : जिना नाही हे यासाठी लिहिलं की तुम्ही आठवडाभर राहायला यावं. भावाला ती किटलीतलाच देणार, यात मला शंका नाही. तुम्ही अर्धा प्यावा, पोट भरलं म्हणावं आणि कप माझ्या बाजूला सरकवावा. टाकून द्यायला तिचा जीव होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणखी ता.क. : हे तिला कळू देऊ नका. अचानक कसे आलात विचारलं तर दातांचं सांगा. शिबिरात मी तुमचं नाव घातलं आहे. दात दुखत नसले तरी अध्यक्ष काहीतरी शोधून काढतात.

पुन्हा ता.क. : तुमच्या नव्या घराचा नंबर मला आठवत नाही. पाकीट चिकटवून तिच्याकडे देतो आहे, पत्ता ती घालेल.

दादा,

पाकीट चिकटलेलं होतं, पण किटलीला वाफ असतेच. यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त बुचाचं यांना माहीत नाही. ते सावकाश फिरवलं तर अजिबात वाजत नाही. त्या दिवशी मी मुद्दाम करकचून फिरवलं. यांना चव काही कळणार नव्हती, आणि चार लोकांत यांनी भलत्याच कुणाचा कप उचलला असता तर मला बघवलं नसतं. पण त्यावर एवढं भाषण करतील असं वाटलं नव्हतं.

तू जरूर ये, वहिनीला घेऊन ये. चहा मात्र पूर्ण पी, कप सरकवू नकोस. यांना हवा असेल तर यांनी तोंडाने मागावा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या दिवसापासून मी किटलीत रोज दोन कपांचं पाणी ठेवते.

दात दाखवायचे नसतील तर तसं आधी कळव. नाव खोडायला यांना बैठकीला हजर राहावं लागेल.